कपाटाच्या पायांचं पाणी

माझ्या सासऱ्यांचा मधुमेह डॉक्टरांच्या आधी मुंग्यांनी ओळखला. मोरीत रोज सकाळी मुंग्यांची रांग दिसू लागली, तेव्हा सासूबाईंनी त्यांना दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी गोड बंद केलं. मी लग्न होऊन नागपुरात धरमपेठेत आले, त्याच वर्षीची ही गोष्ट. सासऱ्यांना मरणाची भीती नव्हती. पोरीच्या साखरपुड्यात आपण कोरड्या तोंडानं बसणार, या विचारानं मात्र त्यांची झोप उडाली होती.

कामठीच्या एका मित्रानं त्यांना मधुमेहावर औषध म्हणून बिजाच्या लाकडाचा पेला आणून दिला. त्यात रात्री पाणी भरून ठेवायचं, अजिबात उकळायचं नाही, आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. पाणी चहासारखं तांबडं व्हायचं आणि उन्हात धरलं की निळसर झाक मारायचं. सासरे अंगणात उभे राहून ती झाक येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, अगदी दूधवाल्यालाही. काही महिन्यांनी पेला जुना झाला, पाणी पांढरं राहू लागलं, रंग उतरला आणि सासऱ्यांचा चेहराही.

आणि एक दिवस ते म्हणाले, "मुंग्यांच्या वाट्यायमंधी पाणी मी भरत जाईन."

स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो आता कपाटापुढे उकिडवा बसून वाट्या भरतोय हे बघून सासूबाईंना गहिवरून आलं. "बिमारीनं माणूस सुधरला वं," त्या मला म्हणाल्या. माझ्या नवऱ्यालाही लवकर काहीतरी व्हावं, असं मला क्षणभर वाटून गेलं.

पेल्यातल्या पाण्याला पुन्हा रंग येऊ लागला. आम्हाला आनंदच झाला.

साखरपुड्याच्या सकाळी सासूबाईंनी कपाट उघडलं. आदल्या दिवशी आणून ठेवलेली संत्र्याची बर्फी मुंग्यांनी काळी झाली होती. त्यांनी वाकून पाहिलं तर चारही वाट्या कोरड्या. मागे सासरे उभे होते, एका हातात पेला, दुसऱ्यात देवघरातली पळी.

"पाणी कुठं गेलं?"

"पेलो."

"कपाटाच्या पायाचं?"

"कपाट बिजाचंच आहे वं. चांगला रंग येते. रोज पळीनं काढून घेतो अन् ताजं भरतो. आज पहाटेच काढलं अन् घाईत भरायचं राहून गेलं."

मग नणंदेला हसू फुटलं, नवऱ्यानं सायकल काढली आणि तो दुसरी बर्फी आणायला महालातल्या मिठाईवाल्याकडे धावला. सासरे मान खाली घालून उभे होते. मला त्यांची फार दया आली.

इतके महिने साखरेच्या डब्यावर पहारा देणाऱ्या सासूबाईंनी त्या ढिगातली मधली वडी उचलली, फुंकर घालून मुंग्या उडवल्या आणि सासऱ्यांच्या तोंडापुढे धरली.

"खा. लेकीच्या नावानं एक."

त्यांनी डोळे मिटून सावकाश चावली.

"कशी आहे?"

"गोड लागूनच नाही राहिली," ते म्हणाले. "तोंड तुरटच आहे." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाईंनी दुसरी वडी उचलली आणि मुंग्या झटकू लागल्या.