पी.टी.चा तास आणि दहा गणितं

सातवीचा वर्ग मैदानाला तीन फेऱ्या मारून आला की पी.टी.चे सर पोरांना खाली बसू देत नसत. चालायला लावत. दोन बोटं मनगटावर, नजर सरांच्या हातातल्या घड्याळाकडे. नाडीचे ठोके मोजायचे, एक मिनिट चालायचं, पुन्हा मोजायचे. दोन्ही आकडे प्रत्येकाने येऊन सांगायचे आणि सरांनी रजिस्टरमध्ये लिहायचे. कुणी थाप मारली तर त्यांना लगेच कळे.

"नव्वद? चेहऱ्याचा टोमॅटो झालाय आणि म्हणे नव्वद. जा, परत मोज."

शाळेत त्यांना 'शिट्टी' म्हणत. पोरं पाठीमागे, शिक्षक तोंडावर. नोकरीची सव्वीस वर्षं झाली होती. सकाळी शाळा भरायच्या आधी चुन्याची फक्की घेऊन धावपट्ट्या स्वतः आखत. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची सहाशे मीटरची वेळ घेत. ही रजिस्टरं कुणी मागितलेली नव्हती आणि कुणी उघडूनही पाहत नव्हतं.

त्यातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. पी.टी.नंतर वर्गात गेलेली पोरं शांत बसतात. शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं तर भाषेच्या बाई म्हणाल्या, "शांत नाही हो, दमलेली असतात. आणि वर्गात घामाचा वास."

"वास सोसा बाई, शुद्धलेखन सुधारेल."

सगळे हसले. विषय तिथेच संपला असता, पण गणिताचे सर म्हणाले, "मोजून बघू या ना, भाऊजी."

गणिताचे सर म्हणजे शिट्टी सरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. शिक्षक होण्याचं शिक्षण घेत असताना चार वर्षं यांच्याच घरी, पुढच्या खोलीत राहिला. या शाळेत जागा निघाली तेव्हा शिट्टी सरांनीच त्याच्यासाठी शब्द टाकला. अकरा वर्षं दोघं एकाच शाळेत होते आणि दर रविवारी एकाच टेबलावर जेवत होते.

मोजायची रीत मेहुण्याने ठरवली. सातवीत अडतीस मुलं. गणिताच्या तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटांत दहा सोपी गणितं सोडवायची. आधी पी.टी.चा पूर्ण तास झालेला असेल तो दिवस एका रकान्यात. आधी नुसतं बसून काढलेले तास असतील तो दिवस दुसऱ्यात. तिसरा रकाना आपोआप तयार झाला. मैदान ओलं असलं की शिट्टी सर वर्गातच बाकांच्या मधे पोरांकडून दहा मिनिटं उड्या, बैठका, हात वर-खाली करून घेत. मेहुणा म्हणाला, तेही लिहू.

वर्षभर हे चाललं. वर्षअखेरच्या रविवारी जेवणाची ताटं उचलल्यावर दोघांनी सरासरी काढली. नुसतं बसून आलेल्या दिवशी दहापैकी सहा गणितं बरोबर. पूर्ण तासानंतर साडेसात. दहा मिनिटांच्या उड्यांनंतर सव्वासात.

शिट्टी सरांनी तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे दहा मिनिटंही पुरतात की."

"नाही हो," मेहुणा म्हणाला. "हीच पोरं आठवड्यात तीनदा मैदानावर पळतात. त्यांचा दम आधीच वाढलाय. ज्यांना मैदानच नाही त्यांना दहा मिनिटांच्या उड्यांनी एवढा फरक पडेल हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळा वर्ग घ्यावा लागेल. आणि सहाशे मीटरचं काय? ते तर मैदानावरच सुधारलंय, तेवीस सेकंदांनी."

शिट्टी सरांना हे सुचलं नव्हतं. कागदाच्या खाली त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. बायको ओट्याकडून म्हणाली, "दोन शास्त्रज्ञ पोसतेय मी." त्या दिवशी सर खुशीत होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या विषयाकडे विषय म्हणून पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापक बाईंनी त्यांना बोलावलं. टेबलावर टाइप केलेली चार पानं होती. सातवी-आठवीचे पी.टी.चे आठवड्याला तीन तास काढून गणित आणि विज्ञानाला द्यायचे. त्याऐवजी रोज सकाळी दहा मिनिटं वर्गातल्या वर्गात व्यायाम, सूचना स्पीकरवरून. 'शाळेतच झालेल्या वर्षभराच्या अभ्यासातून' असं म्हणून खाली तक्ता दिला होता. सहा. साडेसात. सव्वासात.

"तुमचंच काम आहे सर," बाई म्हणाल्या. "कौतुक वाटलं. संस्थेला पाठवायचंय, दोघांच्या सह्या हव्यात."

गणिताच्या सरांची सही आधीच झालेली होती. नावाखाली 'पर्यवेक्षक' असं होतं. ही बढती शिट्टी सरांना तिथेच कळली.

त्यांनी चारही पानं दोनदा वाचली. सहाशे मीटरचा तक्ता कुठेच नव्हता. नाडीचा नव्हता. खालची टीपही नव्हती. पण जे आकडे होते ते सगळे खरे होते, आणि अडचण तीच होती. खोटं असतं तर त्यांनी कागद परत सरकवला असता.

त्यांनी खिशातलं पेन काढलं. सहीच्या जागेवर बारीक अक्षरात लिहिलं, 'ही मुलं आठवड्यात तीनदा मैदानावर धावत होती. मैदान नसलेल्या मुलांबद्दल यातून काही सिद्ध होत नाही, असं मला गणिताच्या सरांनी सांगितलं होतं.' आणि त्याखाली सही केली.

बाईंनी वाचलं. "सर, हे असं पाठवता येणार नाही."

"मग माझ्या सहीशिवाय पाठवा."

तसंच पाठवलं गेलं. नवीन पानावर नाव एकच होतं.

त्या रविवारी मेहुणा नेहमीच्या वेळेला आला. बायकोला सगळं कळलं होतं. तिने भावाला पाणी दिलं आणि विचारलं, "यांना आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तर यांनी होऊ दिलं असतं का, ताई?"

"म्हणजे कळत होतं तुला."

"वरून निकालाचा दबाव आहे. तास कुठूनतरी काढायचेच होते." मग तो भाऊजींकडे वळला. "मी नसतो तर दुसऱ्या कुणी काढले असते. निदान दहा मिनिटं तरी ठेवली मी."

"दुसऱ्याने काढले असते तर त्याला माझं रजिस्टर मिळालं नसतं," शिट्टी सर म्हणाले. "जेवून घे."

पुढच्या रविवारी मेहुणा आला नाही. त्यानंतरही आला नाही.

शिट्टी सर रोज सकाळी माइकसमोर उभे राहून दहा मिनिटं आकडे मोजत. एक, दोन, तीन, चार. वर्गांमध्ये कोण उड्या मारतंय आणि कोण बाकावर डोकं टेकून पडलंय हे त्यांना ऑफिसातून दिसत नसे. सहामाहीला त्यांनी सातवीतून आठवीत गेलेल्या त्याच अडतीस मुलांना मधल्या सुट्टीत मैदानावर बोलावलं. कुणाची परवानगी घेतली नाही. एकेकाची सहाशे मीटरची वेळ घेतली. वर्गात सगळ्यात पुढे धावणारी एक मुलगी दुसऱ्याच फेरीला कंबर धरून थांबली आणि म्हणाली, "सर, बूट चावतोय." बूट चावत नव्हता. सरांनी ते चालवून घेतलं.

एकतीस जणांची वेळ वाढली होती. वर्षभरात जेवढं कमावलं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त सहा महिन्यांत गेलं होतं.

तो कागद घेऊन ते पर्यवेक्षकांच्या खोलीत गेले. मेहुणा खुर्चीतून उठला. "बसा ना, भाऊजी."

ते बसले नाहीत. कागद टेबलावर ठेवला. मेहुण्याने तो खालपर्यंत वाचला आणि सवयीने पेन काढून सरासरी पडताळली.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"माहितीये. तुझी दहा गणितं चालू आहेत ना? यंदाचे आकडे दे."

मेहुणा पेनाचं टोपण लावत राहिला. "बंद केली."

"कधी?"

"दुसऱ्या महिन्यात."

"शेवटी किती येत होती?"

दारात कुणीतरी सहीसाठी वही घेऊन उभं होतं. मेहुण्याने हात करून त्याला थांबायला सांगितलं आणि कागद भाऊजींकडे परत सरकवला. शिट्टी सरांनी तो उचलून नीट घडी घातली आणि दारातल्या माणसाला म्हणाले, "जा आत. साहेब मोकळे आहेत."