किल्ल्यावरून दिसणारी छपरं

कौलं शाकारण्यात कौलकाकांचा हात धरणारा त्या समुद्राकाठच्या शहरात कोणी नव्हता. वादळांचा हंगाम सरला की ते रीतसर तिकीट काढून डोंगरावरच्या सातशे वर्षं जुन्या किल्ल्यात जात. लोक तोफा बघत, राजाचं सिंहासन बघत. हा पठ्ठ्या मात्र इतिहासाकडे पाठ फिरवून सर्वांत उंच बुरुजावरून दुर्बिणीने खालची छपरं न्याहाळत बसे. कुणाचं कौल सरकलंय, कुणाची पन्हळ लोंबतेय, सगळं वहीत टिपायचं आणि संध्याकाळी थेट दारात हजर. "साहेब, माळ्यावर पाणी येतंय ना?" मालक चाट पडायचा.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. धाकटी मुलगी तर तीन वर्षं मागे लागली होती, "बाबा, हे काम मी पुढे चालवते." यांचं एकच पालुपद, "त्याला मुरलेली नजर लागते."

शेवटी तिला गप्प करायला ते तिला किल्ल्यावर घेऊन गेले. चढताना पाचदा बसले आणि पाचही वेळा "समुद्र काय सुंदर दिसतो!" म्हणाले. दोनदा तर समोर नुसती भिंत होती.

वर पोचल्यावर त्यांनी तासभर दुर्बीण फिरवून वही भरली आणि मग दुर्बीण तिच्या हातात दिली. "माझ्या नजरेतून सुटलेलं एक छप्पर दाखव. दाखवलंस तर उद्यापासून छपरावर तू. नाहीतर विषय बंद."

"बेकरी?"

"लिहिलंय."

"शाळेची मागची बाजू?"

"तेही लिहिलंय." काका भलतेच रंगात आले.

तिने दुर्बीण दुसऱ्या बाजूला वळवली. मग म्हणाली, "घड्याळाच्या मनोऱ्यामागे, पिवळी भिंत. आढ्यावरची पाच कौलं घसरलीत. वर विटा ठेवून वेळ मारून नेलीय. पाणी सरळ स्वयंपाकघरात जात असणार."

काकांनी दुर्बीण हिसकावून घेतली. एवढ्या वर्षांत ती त्या बाजूला कधी वळलीच नव्हती. "विटा? कोण हा आळशी माणूस! लाज कशी वाटत नाही..." बोलता बोलता ते थबकले. अंगणात त्यांची बायको त्यांचाच निळा शर्ट वाळत घालत होती.

"आई दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, बाबा."

काका असे खो खो हसले की डोळ्यांतून पाणी आलं. गाईड दटावायला धावत आला, तर त्यालाच त्यांनी दंडाला धरून पुढे ओढलं. आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता.

"हिला बघून ठेवा," ते म्हणाले. "ही माझी मुलगी. कौलं शाकारते."