क्लचबद्दलच्या सात नोंदी

जुलैमधला दुसरा सोमवार, सकाळचे साडेनऊ. वलवणच्या आमच्या घराचा पोर्च. हजर: मी, माझे यजमान, मुक्कामाला आलेलं एक जोडपं आणि आमचे ड्रायव्हर भाऊ. भाऊ आंदर मावळातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे बसलो होतो, उभे फक्त तेच.

घरातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. त्यांना स्टेशनवरून आणणं-सोडणं भाऊंकडे होतं. गाडीची वही माझ्याकडे: तारीख, किलोमीटर, बिघाड. आदल्या दिवशी याच जोडप्याला आणताना गाडी वळणावर आडवी अडकली होती. रिव्हर्स पडेना, मागे हॉर्न वाजत होते. पाहुण्यांनी ते जेवताना हसत हसत सांगितलं आणि मला जेवण गेलं नाही. म्हणून सकाळी वही त्यांच्यासमोरच उघडली. सात नोंदी मोठ्याने वाचल्या. पहिला गिअर टाकताना खरखर. रिव्हर्स पडत नाही. दुसरा अडकतो. पुन्हा खरखर.

"भाऊ, तुमचा पाय सारखा क्लचवर असतो. प्लेट जाळलीत तुम्ही."

"न्हाई ताई. प्लेट जळली आसती तर वास आला आसता. चढाला इंजिन नुसतं बोंबललं आसतं. हितं क्लच पुरता सुटतच न्हाई. आदी पायातलं ते काडून बगा."

"परत तेच! मग चिखल कोण पुसणार?"

"मी पुसतो की."

पाहुण्या बाई खुदकन हसल्या. मला वाटलं, मलाच हसल्या. "उद्यापासून येऊ नका," मी म्हणाले.

भाऊंनी किल्ली टेबलावर ठेवली. पायऱ्या उतरून त्यांनी चपला घातल्या. गाडीत चिखलाच्या चपला चालणार नाहीत हा नियम माझाच, त्यामुळे ते गाडी अनवाणी चालवायचे.

'पायातलं ते' म्हणजे काथ्याचं पायपुसणं. पावसाळ्यात रबरी मॅटवर पाणी साचतं म्हणून मी नवं जाड पायपुसणं कात्रीने मापात कापून ड्रायव्हरच्या पायाखाली, त्या मॅटवरच अंथरलं होतं. भाऊ ते रोज सकाळी काढून डिकीत टाकायचे आणि संध्याकाळी परत अंथरायचे. मी तीनदा पकडलं, तीनदा वहीत लिहिलं, तीनदा बोलले. "ताई, पायात येतं," एवढंच ते म्हणाले होते. "सवय होईल," असं मी म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी ते काढणं बंद केलं.

त्याच दुपारी मी आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला. वलवण-लोणावळ्यात घरगुती खोल्या देणारे आम्ही सगळे त्यात आहोत. भाऊंचं नाव घालून लिहिलं: यांना काम देताना विचार करा, पाय क्लचवर ठेवून चालवतात. भराभर अंगठे आले.

आठवड्याने बदली ड्रायव्हर मिळाला. पायपुसणं काढायचं नाही, हे मी त्याला आधीच बजावलं. त्याच्या हातातही तीच खरखर सुरू झाली, तेव्हा गाडी तळेगावच्या एका मिस्त्रींकडे नेली. काय काय बदलायचं याची यादी मी करूनच नेली होती. त्यांनी ती वाचली आणि बॉनेटवर पान्ह्याखाली ठेवून दिली. इंजिन बंद ठेवून गिअर फिरवले, सगळे अलगद पडले. इंजिन चालू केलं, की खरखर. मग हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी धक्का देऊन बंद पडली.

"प्लेट ठणठणीत आहे, ताई. घासलेली असती तर इंजिन चालूच राहिलं असतं. तुमचा क्लच दबतच नाही पूर्ण." त्यांनी खाली वाकून पेडल हाताने दाबलं. ते पायपुसण्यावर टेकून थांबलं. "हे कुणी घातलं?"

"ड्रायव्हरने," मी म्हणाले.

यजमान शेजारीच उभे होते. ते रस्त्याकडे बघायला लागले.

मिस्त्रींनी पायपुसणं ओढून बाहेर टाकलं, क्लच दाबला आणि दोन बोटांनी रिव्हर्स टाकला. "चालवणारा माणूस नाही घालणार हे. तो पहिल्याच दिवशी काढून टाकेल."

घरी येऊन वही उघडली. 'पायपुसणं जागेवर नाही' ही तिसरी नोंद मंगळवारची. पहिली 'खरखर' बुधवारची. एकाखाली एक, दोन्ही माझ्याच अक्षरात. पोर्चमध्ये मी वाचायला सुरुवात केली होती ती बुधवारपासून.

रविवारी भाऊंच्या गावी गेलो. ते भातखाचरातून आले आणि पाय धुऊन ओट्यावर बसले.

"सापडलं का?" त्यांनीच विचारलं.

"पायपुसणं," मी म्हणाले. "भाऊ, चुकलं माझं. उद्यापासून या."

त्यांनी चहा पुढे केला. "चुकतं मानूस. पर तुमच्याकडं आता नगं, ताई. दुसरीकडं बगतोय. दोन ठिकानी गेलतो, त्यांनी मोबाइलच दावला. तुमी तितं तेवडं लिवा, मंजे झालं. नाव खराब झाल्यावर ड्रायव्हरला कोन इचारतंय?"

"आजच लिहिते," मी म्हणाले.

त्याला तीन आठवडे झाले. ग्रुपवरच्या बायका चादरी धुण्याच्या वारांपासून किचनच्या सामानापर्यंत याद्या माझ्याकडून मागतात, आणि मी पाठवते. तो मेसेज चारदा लिहिला. दोनदा त्यात 'गैरसमजातून' होतं, एकदा 'काही तांत्रिक कारणाने'. चौथ्यांदा पायपुसणं लिहिलं, पण ते कुणी घातलं ते लिहिलं नाही. चारही पुसून टाकले.

रोजच्या यादीत हे काम एक नंबरला असतं. आजही आहे. दोनपासूनची सगळी कामं झाली.