गारांचे पोचे

गारपिटीनंतर मी गाडी कासार आंबोलीजवळच्या एका गॅरेजात नेली. टपावर आणि बॉनेटवर नुसते पोचे पडले होते. विमा कंपन्या असे क्लेम नाकारतात, असं ऑफिसात ऐकून मी धास्तावलो होतो.

तिथल्या पन्नाशीच्या कारागिराचं नाव मी विचारलंच नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आधी तो डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवत होता आणि पोचा लागला की त्याभोवती खडूनं गोल काढत होता.

मी हळूच गाडीच्या दारावरच्या एका पोच्याकडे बोट दाखवलं. तो सोसायटीच्या फाटकाला घासून पडलेला, वर्षभर जुना.

"हाही गारांतच धरा ना."

"न्हाई साहेब," तो हात न थांबवता म्हणाला. "गार काय घासून जात न्हाई. ह्यो एक खोटा धरला, तर तुमचं बाकीचं खरं बी खोटं वाटंल."

मी ओशाळलो. सर्व्हेअर आला तो नेमका त्याच दारापाशी थबकला. "हा कशाचा?"

"जुना हाय त्यो," कारागीर म्हणाला.

सर्व्हेअरनं मान डोलावली आणि बाकीच्या सगळ्या पोच्यांचे फोटो एकही प्रश्न न विचारता काढले.

क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज आठवड्यानं आला. पण माझी काळजी त्या दुपारीच मिटली होती. माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडणारा माणूस मला भेटला होता.