इंजिनांची तुलना मागणारा आवाज

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र कालच्यासारखं लक्षात आहे. निवृत्ती जवळ आली होती आणि कोलकात्यात हेरगिरीच्या तपासाचं एक पथक माझ्याकडे होतं.

एका रविवारी सकाळी माझ्या पत्नीची मैत्रीण घरी आली. मूळची सांगलीची, इथल्या बँकेत अधिकारी. तिचे यजमान लढाऊ विमानांच्या इंजिनांचे भाग तयार करणाऱ्या एका सरकारी संस्थेत वरिष्ठ अभियंता होते. समोरचा चहा तिने तसाच ठेवला.

"भावजी, मला तक्रार नाही करायची. तुम्ही फक्त बघा. हे युरोपातल्या कुठल्याशा मासिकासाठी लेख लिहितायत. इंजिनं बनवण्यात कुठला देश किती पुढे गेलाय, असा. पण त्या संपादकाचा निरोप आला की दार लावून ऐकतात. ऑफिसला सांगितलंय का विचारलं, तर चिडतात."

"पैसे मिळतायत?"

"एक रुपया नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते."

बाई बरोबर बोलत होती. आम्ही खातरजमा केली. मासिकाची वेबसाइट झकपक होती, पण अंक एकही निघालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साध्या वेशातला माणूस पाठवून मी अभियंत्यांना बोलावून घेतलं, तेही ठाण्यात नाही, माझ्या कार्यालयात. शिकलेला माणूस ठाण्याची पायरी चढला की बोलायचं बंद करतो. जबाब लिहायला एक बंगाली महिला फौजदार होती. मी मराठीत सुरुवात केली आणि मधूनमधून तिला हिंदीत सांगत राहिलो.

"साहेब, मी छापून आलेलंच लिहिलंय," ते ताठ बसून म्हणाले. "अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया यांचं या विद्येत आयुष्य गेलंय. चीन बरीच वर्षं अडखळला, आता स्वतःची इंजिनं स्वतःच्या विमानांत बसवतो. आपण आपलं इंजिन बनवलं, पण लढाऊ विमानाला लागतो तेवढा जोर त्यात आला नाही. आता परदेशी भागीदार घेऊन नवं करायचं चाललंय. मागे आहोत, पण थांबलेलो नाही. यात गुपित काय?"

"काहीच नाही. संपादक त्या देशांबद्दल काय विचारतो?"

"काम कधी सुरू केलं, कुठल्या विमानात बसवलं, असं."

"आणि आपल्याबद्दल?"

"इंजिनातलं पातं किती उष्णतेपर्यंत टिकलं. ते थंड ठेवायला आतून हवेच्या वाटा कशा काढल्या. चाचणीत तडा कुठे गेला."

"यातलं छापून काय आलंय?"

मी दुसरा प्रश्न विचारला नाही. चौकशीत समोरच्याला स्वतःचं बोलणं ऐकायला वेळ द्यावा लागतो. ते त्यांनी ऐकलं आणि त्यांचे खांदे उतरले.

"तो म्हणाला, भारताला असलं पातं ओतताच येत नाही, तक्त्यात तुम्हाला शेवटी ठेवतोय. मला ते सहन झालं नाही. आम्ही काय काय केलंय ते सगळं लिहून काढलं. अजून पाठवलेलं नाही. आज पाठवणार होतो."

त्यांनी फोन स्वतःहून टेबलावर ठेवला. आमच्या तंत्रज्ञाने तपासला. माणूस खरं बोलत होता; मजकूर लिहिलेला होता, गेलेला नव्हता.

संपादकाचे ध्वनिसंदेश आम्ही ऐकू लागलो. इंग्रजी सफाईदार, बोलणं मिठ्ठास. एका संदेशाला फौजदार बाईंनी हात वर केला आणि तो पुन्हा लावायला सांगितला.

"सर, आवाज के पीछे सुनिए. बजबज लोकल."

युरोपातून बोलणाऱ्या त्या गृहस्थाच्या मागे स्टेशनवरची, कोलकात्याजवळच्या बजबज उपनगराकडे जाणाऱ्या गाडीची बंगाली घोषणा स्पष्ट ऐकू येत होती.

अभियंत्यांना मी निरोप लिहायला सांगितलं: उत्तर तयार आहे, दोन शंका आहेत. त्यांनी लिहिलं. समोरचा अधीर झाला, निरोपावर निरोप पाठवत राहिला. त्यावरून आमच्या तंत्रज्ञाने जागा शोधली. बजबजच्या मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनसमोर, भाड्याच्या खोलीत तो सापडला. पूर्वी एका कॉल सेंटरमध्ये काम केलेला, कोलकात्याचाच माणूस. परदेशातून येणारे प्रश्न तो फक्त वाचून दाखवायचा. पातं म्हणजे काय हेही त्याला माहीत नव्हतं. गोपनीयतेच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि आरोपपत्र भक्कम झालं. अभियंता साक्षीदार झाले. खात्याने त्यांची चौकशी केली, त्या कामावरून हलवून प्रशिक्षणाकडे पाठवलं. शिक्षा म्हणून ते कमी नव्हतं.

चौकशीच्या दिवशी कार्यालयातून जाताना अभियंत्यांनी विचारलं होतं, "साहेब, खबर कुणी दिली?" खबऱ्याचं नाव मी कधीच सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही.

लोभी माणसाला पैशाने फितवतात, हे प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. देशावर जीव असलेल्या माणसाला त्याच प्रेमावर डिवचून बोलतं करता येतं, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढे तरुण अधिकाऱ्यांना शिकवताना मी सांगत असे: तुलना कोण मागतोय ते नंतर बघा, आधी कुठल्या देशाबद्दल तो जास्त खोलात विचारतोय ते बघा.

खबरीचं अभियंत्यांच्या घरी कसं उलगडलं ते मला पत्नीकडून कळलं. चौकशीच्याच संध्याकाळी जेवताना तिच्या मैत्रिणीने स्वतःच सांगून टाकलं होतं. यजमानांनी ताटावरून मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "आधी मला दोनदा विचारलं होतंस. मीच ऐकलं नाही." आणि तिच्या ताटात भात वाढला.