कुलूप गायकवाड टीचरकडे, किल्ली माझ्याकडे

गायकवाड टीचर पहिल्याच दिवशी वर्गभर गुडघ्यांवर फिरली. मुलं यायला अजून अर्धा तास होता. मी लादीचं फडकं पिळत दारात उभी होते. आधी मला वाटलं, हिच्या कानातलं पडलंय. मग वाटलं, ही माझा केर तपासतेय. टेबलाखाली डोकं घालून ती थोडा वेळ तशीच थांबली, मग भिंतींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मावशी, इथून मला तुमच्या कमरेची किल्ली तेवढी दिसते," ती म्हणाली. "चेहरा दिसतच नाही."

"मग उभ्या राहा," मी म्हटलं.

ती हसली. पहिल्या दिवशी हसणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नसतो.

डोंबिवलीत एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची बालवाडी आहे. मी तिथली मदतनीस. शिक्षण चौथी. केर-लादी, मुलांची शी-शू, वाहती नाकं हे सगळं माझ्याकडे आणि खेळण्यांचं कपाटही माझ्याकडे. कपाटाला कुलूप असायचं. शुक्रवारी अर्धा तास उघडायचं, खेळणी मोजून बाहेर काढायची, मोजून आत ठेवायची. माझ्या आधी सरला होती. तिच्या वेळी लाकडी आगगाडी हरवली. तिने पोराबाळांच्या शपथा घेतल्या. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुमच्या ताब्यात होती ना?" दुसऱ्या दिवसापासून सरला बंद. मॅडम म्हणजे बालवाडीच्या मालकीणबाई. माझ्या घरात कमावणारी मी एकटी, त्यामुळे ते वाक्य मी विसरले नाही.

टीचर तिशीची असेल. खडवलीहून यायची. बारीक, सावळी, खांद्याला भली मोठी कापडी पिशवी. येताना भरलेली, जाताना त्याहून भरलेली. हे मी लगेच टिपून ठेवलं होतं.

पहिल्या आठवड्यात तिने भिंतीवरचे सगळे तक्ते काढले. फळं, फुलं, आकडे, सगळे. "हे आईवडिलांच्या उंचीला लावलेत, मावशी. मुलांना नुसत्या खालच्या पट्ट्या दिसतात." मग माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आरसा लावला, मुलांनी काढलेल्या रेघोट्या लावल्या. टेबलांचे कोपरे स्वतः घासले. मी तक्त्यांच्या सुरळ्या करून दारामागे उभ्या केल्या. उद्या मॅडमनी विचारलं, तर नाव माझं यायला नको.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खाली बसून बघा." मूल रडलं की, "खाली बसून बघा." मूल ऐकत नाही, "खाली बसून बघा." एकदा तिने मॅडमनाही बसवलं. कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या मॅडम बसल्या खऱ्या, उठवायला मला जावं लागलं.

मग ती कपाटावर आली.

"हे रोज उघडं ठेवू या. हाताला लागेल ते त्यांनी घ्यावं, आणि जागेवर ठेवायलाही त्यांनीच शिकावं."

"आणि हरवलं म्हणजे? जबाबदारी माझी आहे. किल्ली मी देणार नाही."

"किल्ली राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "कुलूप मला द्या."

शुक्रवार होता, कुलूप उघडंच लटकत होतं. तिने कुलूप काढलं आणि त्या पिशवीत टाकलं. किल्ली माझ्या कमरेलाच. कोणी लांबून बघितलं असतं तर सगळं माझ्याच ताब्यात.

त्या दिवसापासून मी मुलं गेली की खेळणी मोजायला लागले. लाकडी ठोकळे पन्नास होते. सोमवारी एकोणपन्नास. बुधवारी सत्तेचाळीस. पुढच्या आठवड्यात एक्केचाळीस. टीचर बोलता बोलता म्हणाली होती, तिची वहिनी खडवलीत स्वतःची बालवाडी काढणार आहे. मला आणखी काय कळायचं बाकी होतं? ती वहिनीचं दुकान मांडणार आणि सरलासारखी मी घरी बसणार.

एका सकाळी मुलं खेळत असताना टीचर दारात एका आईशी बोलत होती. पिशवी खुंटीला होती. मी उघडली. आत डबा, पॉलिश पेपरचे तुकडे, मुलांच्या आयांकडून आणलेल्या जुन्या सुती साड्यांची छोटी छोटी बसकरं, काही शिवलेली, काही अर्धी. तळाशी माझं कुलूप. ठोकळा एकही नाही.

"मावशीने टीचरची पिशवी उघडली."

मी वळले. मागे स्वरा उभी होती. साडेतीन वर्षांची ही मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. आई म्हणायची, घरी बोलते. आम्हाला ते खरं वाटत नव्हतं. आणि बोलली ते हे, सगळ्यांसमोर, खणखणीत.

टीचर धावत आली. मला वाटलं, झालं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. स्वरासमोर बसली आणि म्हणाली, "परत सांग, काय केलं मावशीने?"

"पिशवी उघडली."

"मावशी, बोलली हो!" तिचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणून मी ओरडले. "ठोकळे शोधत होते मी! नऊ ठोकळे गेलेत! गेले कुठे, मी काय सांगू मॅडमना?"

स्वरा शांतपणे दारामागे गेली. एका तक्त्याची सुरळी तिने आडवी केली. खडखड करत ठोकळे लादीवर पडले. पुढे होऊन मी मोजले. नऊ.

"हे माझे," ती म्हणाली. "मावशी परत कुलूप लावेल ना."

टीचरने मला ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तिने कुलूप बघितलंय, मावशी. म्हणून साठवत होती." मग पिशवी खुंटीला लावून ती मुलांत जाऊन बसली.

पुढचे चार दिवस मी मॅडमची वाट बघत काढले. शनिवारी मॅडम आल्या. "काय गायकवाड, काही विशेष?"

"स्वरा बोलायला लागली," टीचर म्हणाली. "मावशींमुळे."

तो टोमणा होता की काय, मला आजही सांगता येत नाही. शब्द खरा होता आणि तिचा चेहरा साधा होता. त्या दिवसापासून माझं मोजणं मात्र बंद झालं. मुलंच मोजायची. स्वरा तर एखादा ठोकळा कमी असला तर माझ्याकडेच संशयाने बघायची.

दोन वर्षांनी टीचर घोडबंदर रोडच्या एका मोठ्या शाळेत गेली. शेवटच्या दिवशी तिने पिशवीतून कुलूप काढून माझ्या हातात ठेवलं. "आता दोन्ही तुमच्याकडे," म्हणाली. माझ्यावर इतका भरवसा का टाकला, विचारायचं राहून गेलं. एकदा फोन केला होता, तो लागला नाही.

तिच्या जागी आलेल्या टीचरने पहिल्याच आठवड्यात मॅडमना बोलावलं. म्हणाली, पसारा फार होतो, कपाटाला कुलूप हवं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मावशी, कुलूप कुठे आहे?"

"हरवलं."

"हरवलं? तुमच्या ताब्यात होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "माझ्याकडूनच हरवलं."

मॅडमनी माझ्या कमरेच्या किल्लीकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे सरळ बघितलं. नवीन कुलूप आणते म्हणाल्या. अजून आणलेलं नाही.