कोंबड्यांना घातलेल्या लाल गोळ्या

शिरूर कासारच्या बाजूला जाऊन कोंबड्यांचा विषय काढलात, तर कुणीही सत्यभामेच्या अंगणाकडे बोट दाखवील. माणसांशी तिचं फारसं कधी पटलं नाही. पण कोंबडीचा तुरा लांबून बघून ती सांगायची, ही उद्या खुडूक बसणार, हिला मानमोडी लागलीय, आणि ही नुसतं सोंग करतेय. तुरा लालबुंद तर कोंबडी धडधाकट. तुरा फिका पडला की बाईच्या जिवाला घोर. ऊस तोडायला निघताना गाडीवर आधी खुराडं चढायचं, भांडीकुंडी मागून. नवरा होता तोवर म्हणायचा, "फुडच्या जन्मी कोंबडाच व्हतो, म्हंजी तरी इचारशील मला."

आता कोयता नाथाच्या, म्हणजे तिच्या लेकाच्या हातात होता आणि सोबत सून उज्ज्वला. यंदा उज्ज्वला तोडीवरून परतली ती पोटुशी होऊन. गावातली आशाताई संगीता घरी आली आणि लाल गोळ्यांची पाकिटं देऊन गेली. रक्त वाढायला रोज एक घ्यायची, असं तिनं बजावलं. सत्यभामेनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"असल्या गरम गोळ्यांनी लेकरू काळं निपजतं. म्या नाथाच्या येळंला गोळ्या खाल्ल्या व्हत्या का?"

नाथा गोळ्यांवाचूनच तव्यासारखा काळा निपजला होता, पण हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. पाकिटं पत्र्याच्या डब्यात गेली.  उज्ज्वला बोलणाऱ्यांतली नव्हतीच.

वैशाखात गावात एक जीप आली. तिच्यातून उतरल्या गुरांच्या डॉक्टर वर्षाराणी. गावरान कोंबड्यांचं रक्त ऋतूप्रमाणे कसं बदलतं ते बघत त्या गावोगाव फिरत होत्या. पंखाखालची शीर शोधून त्या अलगद सुई टोचत, आणि रक्ताची बारीक नळी जीपमधल्या यंत्रात घालून फिरवत. सत्यभामा एकेक कोंबडी काखेत धरून उभी होती, लेकरू डोस पाजायला न्यावं तशी.

"मावशी, कोंबड्याचं रक्त चांगलं आहे. माद्यांचं मात्र कमी भरलंय," डॉक्टरीण म्हणाली. "नरापेक्षा मादीचं कमी असतंच. त्यात हे ऊन. धापा टाकतात, पोटभर खात नाहीत, आणि वर अंडी घालतात."

"मंग इलाज काय ह्येला?"

"सावली करा, गार पाणी ठेवा, ऊन चढायच्या आत खायला घाला."

एवढा साधा इलाज सत्यभामेला पटेना. रक्त कमी, तर रक्ताचं औषध पाहिजे. आणि ते तर डब्यात पडून होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळ्या पाट्यावर वाटून ज्वारीच्या कण्यांत कालवायला सुरुवात केली. कोंबडा पुढं घुसला की त्याला हुसकायची. "तुला काय धाड भरलीय मेल्या? बायांला खाऊ दे आधी!" संगीता नवी पाकिटं घेऊन यायची, गोळ्या घेतेस ना म्हणून उज्ज्वलाला विचारायची. सासू आतूनच ओरडायची, "घेती की!" आणि उज्ज्वला मान खाली घालायची.

श्रावणात जीप परत आली. अंगणात हिरवळ होती, कोंबड्या किडे टिपत होत्या, तुरे लाल झाले होते. नळी फिरवून बघताच डॉक्टरीण हसली. "मावशी, माद्यांचं रक्त चांगलं वाढलंय की!"

सत्यभामेची छाती फुगली. आपला इलाज सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरीण पुढं म्हणाली, "सगळ्या गावांत असंच दिसतंय. ऊन सरलं, चारापाणी मिळालं, की आपोआप भरून येतं. औषध काही लागत नाही."

सत्यभामेचं तोंड तसंच उघडं राहिलं. आणि नेमकी तेव्हाच संगीता उज्ज्वलाला दंडाला धरून अंगणात आली. तपासणीवरून येताना वाटेतच उज्ज्वलाला घेरी आली होती.

"काकू, रक्त सहावर आलंय हिचं! आत्ताच्या आत्ता बीडला न्यायला पायजे. दोघांच्या जिवाला धोका हाय. गोळ्या घेत न्हवतीस का गं?"

उज्ज्वलानं एकदा सासूकडं पाहिलं. "मळमळायचं. टाकून दिल्या मी."

"अक्कल हाय का तुला?" आवाज ऐकून घरातून बाहेर आलेला नाथा बायकोवर खेकसला आणि रिक्षा आणायला पळाला. सत्यभामेच्या काखेत कोंबडी होती. ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नको तिथं दहा शब्द बोलणारी बाई, तिला तेव्हा एक शब्द फुटला नाही. त्या गप्प बसण्याची लाज तिला पुढं गोळ्यांच्या लाजेपेक्षा जास्त जाळत राहिली.

बीडच्या दवाखान्यात रक्ताची बाटली लागली. नर्सबाई सुई नीट करता करता बोलत होत्या, "फुकट मिळतं ना, म्हणून कदर नाही. गोळ्या फेकून देतात आणि मग आमच्या गळ्यात पडतात." उज्ज्वला निमूट ऐकत होती. सत्यभामा एकदम उठून उभी राहिली.

"तिला बोलू नगा, बाई. तिनं न्हाई फेकल्या. म्या कोंबड्यांला घातल्या."

 कोपऱ्यातल्या खाटेवरची एक बाई फिसकन हसली. सत्यभामेला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण तिच्यात गडप व्हावं. भिंतीला टेकलेल्या नाथानं आईकडं बघितलं आणि तो बाहेर निघून गेला.

"मला ठाऊक व्हतं, आत्या," उज्ज्वला हळूच म्हणाली. "पाटा लाल दिसायचा."

"मंग बोलली कावून न्हाईस गं?"

उज्ज्वलानं डोळे मिटून घेतले. तिचा हात चादरीवर उताणा पडला होता. तळवा पांढराफटक होता, रक्ताचा टिपूस नसल्यासारखा. ह्याच हातानं रोज सकाळी सत्यभामेपुढं चहाची कपबशी यायची, आणि कपबशी घेताना तिची नजर असायची ती खुराड्याकडं.

बाटलीतून थेंब पडत होते. दिवस कलला तशी उज्ज्वलानं डोळे उघडले. खिडकीतून उतरतं ऊन बघून ती एकाएकी कासावीस झाली.

"आत्या, आपून दोघी बी हितं. कोंबड्या कोण कोंडील?"

सत्यभामेनं पदर तोंडावर ओढून घेतला. त्या पोरीनं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, तरी तिला एवढं लागलं नसतं.